साबण्णा निर्दोष सुटला त्या निकालाच्या नकलेची बखर

श्री. जिचे उदरी रयतेचे जन्म, कज्जे, आरोप आणि फिर्यादी जातात, आणि मागितले असता एकही सुखे बाहेर येत नाही, त्या दफ्तरदेवतेस नमस्कार. तिचे द्वारी कारकून बसतात त्यांस दोन नमस्कार, कारण देवी कोपली तरी ऐकते. शके १९४०, विलंबी नाम संवत्सरे, भाद्रपदापासून पौषापावेतो एका राज्यात जे घडले ते लिहिले आहे. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यांस आपले वाटेल त्यांनी आपले समजावे.

त्या राज्यात न्यायसभा आणि कोतवाली समोरासमोर होत्या, मध्ये एक रस्ता, आणि तो रस्ता ओलांडून कागद कधी जात नसे. न्यायसभेने एखाद्यास निर्दोष म्हणावे, त्याने घरी जावे, आणि कोतवालीच्या बुकात त्याचे नावापुढे चोर ऐसे लिहिले ते तैसेच राहावे, कारण बुकात आरोप लिहावयास रकाना आखिला होता, सुटका लिहावयास आखिला नव्हता, आणि आखावा ऐसे कोणास सुचले नाही, आणि सुचते तरी आखणीचा हुकूम कोणी काढावा याचाच खल दोन पिढ्या चालता. नगराबाहेर खाणीपाशी पाथरवटांची वस्ती, तेथे साबण्णा नामे दगड फोडणारा आणि त्याची स्त्री दुर्गव्वा राहत. नऊ वर्षांमागे देवळातील घंटा चोरीस गेली, तेव्हा शिपाई वस्तीत शिरले आणि जो पहिला हाती लागला तो धरिला, तो साबण्णा. वर्षावर काळ बंदीत ठेविला. मग न्यायसभेत शाबीत जाहले की चोरीचे दिवशी तो परगावी धरणाचे कामावर होता, आणि मुकादमाने तैसी साक्ष दिली, आणि न्यायाधीश महाराजांनी त्यास निर्दोष म्हणोन सोडिले. बुकात मात्र चोर राहिला. मग प्रत्येक उत्सवाआधी आणि प्रत्येक मंत्र्याचे स्वारीआधी शिपायांनी यावे, साबण्णास न्यावे, आणि सोहळा उरकला की सोडावे. देव रथात बसे तेव्हा साबण्णा कोठडीत बसे. ऐसे चालले असता खाणीची धूळ त्याचे छातीत भरली आणि खोकल्यात रक्त पडो लागले, आणि नगरातील सरकारी दवाखान्याचे औषध नित्य पाहिजे ऐसे जाहले.

ते समयी रंभाजीराव कोतवाल नवे आले. त्यांनी नगर स्वच्छ करावयाचे मनी आणिले, आणि स्वच्छता बुकातून आरंभिली, आणि साबण्णास नोटीस धाडिली की, तू धोक्याचा इसम, सबब दोन वर्षे तीन परगण्यांबाहेर का घालवू नये याचे कारण पौष शुद्ध पंचमीस हजर होऊन सांगावे, निर्दोष सुटलो म्हणत असल्यास निकालाची नक्कल दाखवावी. दवाखाना तीन परगण्यांत तो एकच, आणि सीमेपलीकडे जवळपास एकही नव्हता. साबण्णा दुर्गव्वेस म्हणाला, "बाहेर घालवलं तर मी संक्रांतीच्या पुढं जात नाही. नक्कल आण." आणि ती निघाली.

न्यायसभेत नकला देणारे चिंतोपंत होते, चष्मा कपाळी, पान गालात. ते म्हणाले, "मावशी, अर्ज करा, तिकीट लावा, आणि खटल्याचा नंबर लिहा. नंबरावाचून आम्ही आमचा बापही शोधीत नाही." तिने पुसिले, नंबर कोठे मिळेल? पंत म्हणाले, "कोतवालीत." ती रस्ता ओलांडून गेली, तो हवालदार बाळोजी म्हणाला, "नंबर निकालावर असतो. निकाल आण, नंबर सांगतो." मग ती घरी आली आणि साबण्णास पुसिले, आणि तो उशीवरून मान न उचलता बोलिला, "तीनशे बारा." बंदीत त्यास खटल्याच्या याच आकड्याने पुकारीत, आणि त्याची सवय ऐसी जडली की कोणी नाव पुसिले तरी आधी आकडा ओठी येई. ऐसा नंबर मिळाला, आणि अर्ज लागला, आणि आश्विन गेला आणि कार्तिक गेला.

मध्यंतरी कोणी शहाण्याने सांगितले की राज्याने रयतेस माहिती मागण्याची सनद दिली आहे, कारण न सांगता मागावे, सरकारने द्यावे, आणि कोतवालीतही तपासाचे कागद असतातच. तिने तेथेही अर्ज टाकिला. उत्तर आले की, माहिती दिल्यास तपासास बाधा येईल. ती बाळोजीस म्हणाली, "दादा, नऊ वर्षं झाली, माणूस सुटला, आता कसला तपास?" बाळोजी म्हणाला, "तोच तर तपास चालू आहे, की कसा सुटला." आणि शिपाई हसले. सनदेत लिहिले होते की नकार मिळाल्यास वरिष्ठापाशी दाद मागावी, आणि वरिष्ठ ते रंभाजीरावच. ज्या दालनी त्यांचे सहीने नकार निघाला त्याच दालनी त्यांनी दाद ऐकिली, आणि फेटाळिली, आणि न्याय निःपक्ष व्हावा म्हणोन त्या दिवशी पगडी तेवढी बदलिली होती. पुढे राजधानीस अपील चालते, परंतु तेथील आयुक्ताची खुर्ची रिकामी, आणि तिजपुढे अर्जांची रास दारापावेतो आली होती.

मार्गशीर्ष सरता चिंतोपंतांनी तिला बोलाविले आणि म्हणाले, "मावशी, बसा. कागद नाही." ती म्हणाली, "हरवला?" पंत म्हणाले, "आमच्यात हरवत नाही. जाळला. नियम आहे. ज्यास शिक्षा झाली त्याचे कागद पन्नास वर्षे राखायचे, जो सुटला त्याचे पाच वर्षांनी जाळायचे. सुटल्यावर कागद हवा कोणास?" ती तेव्हा खाली बसली. मग म्हणाली, "म्हंजे चोरी केली असती तर आज नक्कल मिळाली असती." पंत म्हणाले, "तात्काळ." आणि पुढे म्हणाले, "जाळल्याचा दाखला मागा, तो देता येतो. इतक्या लवकर जळतात ते सुटलेल्यांचेच, एवढे कोतवालास कळायला हवे." ती म्हणाली, "मग तसंच लिहा की त्यावर, सुटला म्हणून जाळला." पंत म्हणाले, "का जाळला ते लिहायची सोय नाही. जाळला एवढेच."

पौष शुद्ध पंचमीस साबण्णास दोघांनी बाजेवर उचलून कोतवालीत आणिला. दुर्गव्वेने दाखला पुढे ठेविला आणि हात न जोडता बोलिली, "साहेब, शिक्षा झालेल्याचा कागद पन्नास वर्षं राहतो. ह्याचा पाचात जळाला. मग हा कोण, ते तुम्हीच सांगा." रंभाजीरावांनी दाखला खिडकीच्या उजेडी धरिला, उलट पाहिला, सुलट पाहिला, आणि प्रसन्न वदने बोलिले, "बाई, यात नाव आहे, नंबर आहे, जाळल्याची तारीख आहे. निकाल काय, ते नाही. सुटला हे मी मनानं धरू का?" ती म्हणाली, "चोर हे धरलंच की मनानं." बाळोजी ओरडला, "ए, हुजुरांपुढं तोंड आवर!" रावसाहेबांनी त्यास हाताने थांबविले, कारण ते सुशिक्षित होते, आणि म्हणाले, "भावनेवर राज्य चालत नाही, बाई. कागद आणा, मी आत्ता सोडतो." साबण्णा बाजेवरून पुसो लागला, "काय म्हणतायत?" आणि खोकला आला, आणि बाळोजीने बाज दाराबाहेर न्यावयास सांगितले.

त्याच दिवशी दुपारी हद्दपारीचा हुकूम निघाला. दुर्गव्वेने हुकुमाची नक्कल मागितली, आणि येथे लिहिणारास नमूद करणे भाग आहे की ती विनातिकीट, विनाअर्ज, तीन शिक्क्यांसह, शाई ओली असतानाच मिळाली. तिला वाचता येत नव्हते. फाटकाबाहेर बाकड्यावर एक म्हातारा अर्ज लिहून देत असे, त्याने वाचिले: "सदर इसम साबण्णा, खटला नंबर तीनशे बारा, घंटाचोरीचे आरोपातून न्यायसभेने निर्दोष ठरवून सोडिलेला आहे, परंतु सुटल्यापासून त्यास कायद्याचा धाक राहिला नाही, सबब नगरास धोका, सबब हद्दपार." तिने तेवढे पुन्हा वाचावयास लाविले. मग मागे फिरून दालनात गेली आणि म्हणाली, "साहेब, सुटला हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्याच कागदात लिहिलंय." रंभाजीराव टाक पुसत होते, म्हणाले, "ठाऊक असणं वेगळं, बाई, शाबीत असणं वेगळं." ती म्हणाली, "मग हाच धरा पुरावा. शिक्का तुमचा आहे." रावसाहेबांनी घटका पाहिली आणि म्हणाले, "पुरावा सुनावणीत द्यायचा असतो. सुनावणी झाली." गाडी उभी होती. शिपायांनी बाज आत घातली, आणि बाज लांब पडली म्हणोन दार मिटेना, तेव्हा साबण्णास उतरवून, पाय मुडपून, बसता केला आणि दार मिटिले.

इतके जाहले. राज्यात कोणी खोटे बोलिले नाही, कोणी लाच घेतली नाही, कोणता नियम मोडिला नाही. लिहिणाराने शोधिले, सापडले नाही. साबण्णा सीमेपलीकडे एका धर्मशाळेत संक्रांतीआधी वारला. दुर्गव्वेने त्याचे नाव बुकातून कमी करावे म्हणोन अर्ज दिला आहे, आणि कोतवालीने मेला तो इसम बुकातील साबण्णाच होता याचा पुरावा मागितला आहे.