पुढचा तुकडा यायचा आहे

आमच्या चिकलठाण्याच्या कारखान्यात परदेशी मशीनचं खोकं आलं की सगळे मशीनकडं धावायचे आणि सत्तारभाई खोक्यातल्या कचऱ्याकडं. मशीन हलू नये म्हणून फटींत अमेरिकेच्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले असत. सत्तारभाई ते अलगद उलगडायचे, मापं घ्यायच्या लोखंडी प्लेटवर पसरायचे आणि वर वजनं ठेवायचे. चार दिवसांनी इस्त्री केल्यासारखा कागद निघे. त्यातलं बास्केटबॉलचं पान त्यांचं, बाकीचं भजी बांधायला कॅन्टीनवाल्याचं.

सत्तारभाई तपासणी खात्यात होते. रोज खुलताबादहून एसटीनं यायचे. उंची पाच फूट, बास्केटबॉलला जन्मात हात लावलेला नाही. खेळात त्यांना रसही नव्हता. रस होता निवडीत. तिथले संघ दर वर्षी नवे खेळाडू एकेक करून उचलतात, आणि जो संघ सगळ्यात जास्त हरला त्याचा नंबर पहिला. मशीन बसवायला आलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरनं हे त्यांना नट-बोल्ट मांडून समजावलं होतं. तेव्हापासून सत्तारभाईंना दुसरं काही सुचत नसे.

"लीडर, जरा सोच," ते मला म्हणत. "हरलेला पहिला उचलणार. आपल्याकडं कुठं हाय असं?"

मी तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं लिहायचो, म्हणून मी लीडर. मला या निवडीचं काय करावं कळेना. शेवटच्याला पहिला हक्क, हे तर आमचंच म्हणणं. पण माणसं रांगेत उभी करून उचलायची, हा सरळ बाजार. मी बाजूनं एक पत्रक लिहिलं, विरोधात एक लिहिलं. दोन्ही मला पटली. दोन्ही फाडून टाकली.

खरं तर त्याच नियमानं मी कारखान्यात आलो होतो. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आम्ही बाराजण गेटवर उभे होतो. कोणत्या खात्यानं आधी निवडायचं यावर साहेब लोकांची हुज्जत चालली होती. तपासणी खात्याकडून आलेले सत्तारभाई म्हणाले, "सगळ्यात जास्त तक्रारी आमच्या खात्याच्या. म्हणून पहिला नंबर आमचा." नापास झाल्याचं इतक्या ऐटीत सांगणारा माणूस मॅनेजरनं पाहिला नव्हता. गोंधळून तो हो म्हणाला. सत्तारभाईंनी आयटीआयचे पटाईत गडी सोडून मला उचललं. सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेल्या मला कुणीच घेणार नव्हतं.

"मलाच का, सत्तारभाई?"

"तू बीए हाय ना? मला विंग्रजी वाचून दाखव."

मी वाचून दाखवायचो. काम मात्र मला जमेना. पहिल्याच महिन्यात मी मायक्रोमीटर पाडला, दुसऱ्यात पास माल भंगारात आणि भंगार गिऱ्हाइकाच्या गाडीत पाठवलं. फोरमन येता-जाता म्हणे, "सत्तारभाई, पहिल्या नंबराला हे उचललं व्हय?"

मालाला आम्ही चिठ्ठ्या बांधायचो. पास त्याला हिरवी, भंगार त्याला लाल, दुरुस्त होईल त्याला पिवळी. सत्तारभाईंच्या वहीत खेळाडूंनाही त्याच चिठ्ठ्या असत. एकदा एका सात फुटी पोराचा कागद निघाला. पहिल्या नंबरानं उचललेला, आणि वर्षभर बाकावर बसून राहिलेला. मी वाचलं, "आजवरची सगळ्यात वाईट निवड, पण..." तिथं कागद फाटला होता.

"लाल लावा," मी म्हणालो. "छापूनच आलंय."

"लाल कशी लावू? पुढं 'पण' हाय ना." त्यांनी पिवळी डकवली आणि खाली लिहिलं, 'पुढचा तुकडा यायचा आहे'. मग प्रत्येक खोक्यात ते तो तुकडा शोधत राहिले.

सहा महिने भरायला आले आणि मी रजा न टाकता पुन्हा सत्याग्रहाला गेलो. आठ दिवसांनी सुटून आलो, तर गेटवर सत्तारभाई. माझा डबा आणि चपला त्यांच्या हातात.

"तुझ्या कायम होण्याच्या अर्जाला मी पिवळी बांधली होती," ते म्हणाले. "ऑफिसनं तीनदा परत पाठवली. म्हणे, माणसाला पिवळी नसते. मग त्यांनीच लाल बांधली."

मी तावातावानं मालकशाहीवर बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एसटी पकडली.

बऱ्याच वर्षांनी, विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव लागल्यावर, मी पेढे घेऊन खुलताबादला गेलो. सत्तारभाई निवृत्त झाले होते, घरात एकटेच होते. त्यांनी पेढा खाल्ला आणि वही काढली.

सात फुट्याच्या पानावर पिवळी चिठ्ठी तशीच होती. खाली कोरं. पुढच्या पानावर माझं नाव, पिवळी चिठ्ठी, आणि मग पानामागून पानं माझी पत्रकं. क्रांती चौकात आम्ही वाटायचो, लोक चुरगळून टाकायचे, ती. सगळी सपाट केलेली. एकावर बुटाचा ठसा होता.

"ही तुम्ही उचलली?"

"एसटी तिथूनच जायची ना." त्यांनी पानं मागं उलटली आणि सात फुट्यावर बोट ठेवलं. "तुझे तुकडे मिळत गेले रे. याचंच काय झालं, कळलं नाय."

पेढ्याचा कागद मी चुरगळून मुठीत धरला होता. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि मांडीवर ठेवून तळव्यानं सारखा करत बसले.