हूशंग आगांचा पहिला नकार

हूशंग आगांचा लॅपटॉप चालू व्हायला इतका वेळ घेऊ लागला, की बटण दाबून ते अंघोळ उरकून येत. तेवढं त्यांनी चालवूनही घेतलं असतं. पण शुक्रवारच्या कवींच्या बैठकीत त्यांना प्रथमच पूर्ण अर्धा तास मिळाला होता, आणि निवृत्तीनंतर लिहिलेल्या साऱ्या गझला त्या यंत्रात होत्या. (कागदावर एकही नाही. कागदावर लिहिणं मागासलेपणाचं, असं त्यांनीच बैठकीत सगळ्यांना सुनावलं होतं.)

बायको मेहरअंगीज म्हणाली, बाजारात न्या, तिथला कुणीही चहा निवायच्या आत नवी सिस्टिम घालून देतो. हूशंग आगांनी नाक मुरडलं. बाजारातली सिस्टिम म्हणजे चोरीची नक्कल. त्यांचा लॅपटॉप नामांकित कंपनीचा, बहिणीने दुबईहून पाठवलेला, आतली सिस्टिम परवान्यासकट अस्सल. सबंध कर्मान शहरात अशी दुसरी नसेल, असं ते आल्यागेल्याला ऐकवत. तिच्यावर नक्कल चढवायची म्हणजे केशराच्या डबीत हळद भरायची.

नशिबाने जावई आर्दलान सुट्टीवर आला होता. पोरगा जन्मला, वाढला हांबुर्गमध्ये. फारसी छान बोलायचा, पण सरळसोट. त्याने सांगितलं, परवान्याचा क्रमांक यंत्राच्या पोटातच असतो, कंपनीची मूळ सिस्टिम परत घातली की ती तो आपोआप ओळखते. हूशंग आगांनी खूश होऊन खजूर भरलेल्या कोलोंपेचं ताट पुढे केलं. आर्दलानने पहिल्याच विचारण्याला दोन उचलले. त्यांना जरा चमत्कारिक वाटलं.

"बाबा, आतलं सगळं पुसलं जाईल," आर्दलान म्हणाला. "तुमच्या फाइली आधी बाजूला काढून ठेवू का?"

सुट्टीवर आलेल्या जावयाला असं एकदम कामाला जुंपणार कसं? हूशंग आगांनी छातीवर हात ठेवला.

"छे छे, तुला कशाला त्रास! ठेवण्यासारखं आहे तरी काय त्यात."

"बरं," म्हणून आर्दलानने बटण दाबलं.

हूशंग आगा थांबून राहिले. आता तो म्हणणार, त्रास कसला. आपण म्हणणार, नको रे. तो गळ्याची शपथ घालणार. मग आपण नाइलाजाने हो म्हणणार. नाइलाजाचा चेहरा त्यांनी तयारही ठेवला होता. आर्दलानने तिसरा कोलोंपे उचलला. (बाजारातला तो नकलीवाला असता, तर चारदा विचारल्याशिवाय त्याने बोट लावलं नसतं.)

सिस्टिम आली. परवाना वैध असल्याचंही पडद्यावर उमटलं. बाकी सगळं लख्ख रिकामं.

"आणि गझला?" हूशंग आगांनी विचारलं.

आर्दलान पांढराफटक पडला. "तुम्हीच नको म्हणालात, बाबा."

"अरे, पहिल्यांदा म्हणालो!"

पोरगा रडायच्या बेतात आला. हूशंग आगांचं इतक्या वर्षांचं लिहिलेलं सगळं गेलं होतं. पण जावयाला अवघडल्यासारखं होऊ देणं त्यांच्याच्याने होईना.

"जाऊ दे रे. चार टुकार ओळी होत्या. कुणाला वाचायच्या होत्या?" एवढं बोलून ते मेहरअंगीजकडे आशेने बघू लागले.

उभ्या संसारात मेहरअंगीजने कुणाचा पहिला नकार खरा मानला नव्हता. दारात आलेला टपालवालासुद्धा तिच्याकडे जेवूनच जायचा. तिने चहाचा पेला आर्दलानपुढे ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस, बाळ," ती म्हणाली. "हे मात्र ते अगदी मनापासून बोलतायत."