गॅस बंद, पंखा बंद, ताई बंद

कुलूपवाल्याला वडिलांकडून वारसा मिळाला तो नसांचा. घर नाही, दागिना नाही. पाय लटपटवणारा, बोटांतली ताकद पळवणारा आजार तेवढा मिळाला. घरातच राहणाऱ्या थोरल्या बहिणीलाही अगदी सारखा वाटा. त्यात डॉक्टर नुकतेच म्हणाले होते, "काहींच्या डोक्यावरही परिणाम होतो. एका वेळी दोन गोष्टी सांभाळणं जड जातं. तपासून बघू." झालं! तेव्हापासून घरात दूध उतू गेलं तरी खापर त्याच्याच नसांवर फुटू लागलं.

"आज तपासणीत काही निघालं, तर दुकान जावयाकडे," बायकोनं दुकानाची किल्ली पर्समध्ये टाकत जाहीर केलं.

"त्याच्याकडे? त्याला साधा स्क्रू पिळता येत नाही!"

कुलूपवाल्यानं मनात हिशेब केला. दुकान गेलं तर दिवसभर घरात बसून हिचं ऐकायचं, त्यापेक्षा आजार बरा. निघताना त्यानं दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे मोठ्यानं म्हणत एकेक काम उरकलं. "गॅस बंद. पंखा बंद. कुलूप बंद." बायकोनं कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

"थोडे सावकाश आहात, पण पद्धत चोख आहे. दुकान खुशाल चालवा," तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले. कुलूपवाला मिशीत हसत घरी आला, तर दारात ही गर्दी! जावई घामाघूम होऊन कुलपाशी झोंबत होता.

"बाबा, आत्याबाई आत कोंडल्यात! त्यांचाच फोन आला. आणि... तारेनं उघडायला गेलो, ती कुलपातच तुटली. आता किल्लीही जात नाही."

"अगं बाई! ताई आत झोपल्या होत्या!" बायकोनं कपाळावर हात मारला.

कुलूपवाला खाली बसला. बोटं ऐकेनात, चिमटा दोनदा पडला. त्यात मागून कोणीतरी सारखं, "अरे, डावीकडे दाब, डावीकडे!" शेवटी तार निघाली, कुलूप उघडलं. आत कोणीच नव्हतं.

"ताई!"

"काय रे?" गर्दीतून आवाज आला. डावीकडे दाबायला सांगणारी तीच होती.

"तू बाहेर कशी?"

"फोन ठेवल्यावर आठवलं, मागचं दार उघडंच आहे. आले फिरून."

"मग सांगायचं नाही?"

"एका वेळी दोन गोष्टी नाही जमत रे मला. एक तर कुलूप कसं उघडायचं ते सांगेन, नाहीतर मी बाहेर आहे ते."

कुलूपवाला बायकोकडे वळला. "आमचं ठीक आहे. तू कशी विसरलीस? तुझ्या नसा तर ठणठणीत!"

बायकोनं पर्समधून दुकानाची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडताना ती स्वतःच मोठ्यानं म्हणत होती, "गॅस बंद. पंखा बंद. ताई बाहेर. कुलूप बंद."

"आणि मागचं दार?" ताईनं विचारलं.