कै. महाराजांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स

एका जंगलात, जिथे वाचता फारसं कुणालाच येत नव्हतं, एक छापखाना होता. वाचता येत नसताना छापखाना कशाला, असं विचारू नका बाळांनो. छापून घ्यायला वाचता यावं लागत नाही. उलट आलं तर खोळंबा होतो.

छापखान्याचा मालक साळबा काटेकर. अंगाने साळिंदर, स्वभावाने काटेकोर. बावीस वर्षांत त्याच्याकडून एक वेलांटी चुकीची बाहेर गेली नव्हती. त्याची बायको अनसूयाबाई कागद कापायची, घड्या घालायची आणि नवऱ्याला टोमणे मारायची. तिन्ही कामांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दारावर साळबाने पाटी लावली होती : ‘प्रूफ वाचून सही केल्याशिवाय छपाई होणार नाही.’ आणि खाली बारीक अक्षरांत : ‘अर्जंट कामाला तीन दिवस लागतील.’ प्रूफ म्हणजे छापण्याआधी तपासायला देतात तो नमुन्याचा कागद. गिऱ्हाईकाने तो वाचायचा, चूक असली तर दाखवायची, मग सही करायची. एवढं साधं काम. पण गिऱ्हाईक म्हणायचं, “त्यात वाचायचं काय? तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार. देताय कधी ते बोला.”

कारण सगळ्यांना सगळं आत्ता हवं असायचं. ससा धापा टाकत आला. म्हणाला, “काका, लगीनघाई आहे. उभ्या उभ्या पत्रिका छापून द्या.” साळबाने भरल्या ताटावरून उठून पत्रिका छापल्या. तो गठ्ठा अजून फळीवर पडलाय. मधल्या काळात सशाकडे चार बारशी झाली.

मोराला व्हिजिटिंग कार्ड हवं होतं, पण पिसारा पुरता फुललेला दिसला पाहिजे. कार्डाला अकरा घड्या घालाव्या लागल्या. मोर ते कार्ड कुणाला देत नाही. उघडून दाखवतो आणि परत खिशात ठेवतो. मोराला खिसा कुठून आला? मला काय माहीत! मध्ये बोलू नका.

तर त्या जंगलाचा राजा होता सिंह. आयाळराव महाराज. तापट, आणि खाण्याच्या बाबतीत भलतेच सढळ. तोंडावर सगळे ‘महाराज, महाराज’ करायचे, पण पाठ वळली की कुणी बरं बोलत नसे. महाराज काही दूधखुळे नव्हते. आपल्याला मनापासून चांगलं म्हणणारं एकही तोंड या जंगलात नाही, हे त्यांना फार लागून राहिलं होतं. आणि मनाला लागलं की ते कुणाला तरी खायचे. गेल्या साली सुतार पक्ष्याने राजमुद्रा कोरताना त्यांची शेपटी जराशी आखूड काढली. दुसऱ्या दिवशी सुताराची फक्त चोच सापडली.

आता महाराजांचा वाढदिवस दर साली एकाच दिवशी यायचा. तरी तो दर साली अचानक यायचा. आदल्या दिवशी दुपारी तरसेभाऊ छापखान्यात शिरले. तरसेभाऊ म्हणजे महाराजांच्या कचेरीचा कारभार बघणारं तरस. त्यांना कारण नसताना हसायची सवय होती.

“काटेकर, मोठा फ्लेक्स पाहिजे. पाणवठ्याच्या चौकात लावायचाय. संध्याकाळपर्यंत. ही ही ही.”

“भाऊ, निदान चार दिवस आधी तरी...”

“मग महाराजांना सांगतो, काटेकर नाही म्हणाले.”

साळबाला ती चोच आठवली. त्याने चष्मा पुसला आणि कामाला बसला.

“आणि नवीन कशाला करत बसतोस?” तरसेभाऊ म्हणाले. “थोरल्या महाराजांच्या पुण्यतिथीला केला होतास ना, तोच काढ. फोटो बदल, नाव बदल, खालची ओळ बदल. झालं काम!”

साळबाने जुना फ्लेक्स काढला. फोटो बदलला. थोरल्या केसररावांच्या जागी आयाळराव केलं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ काढून ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ घातलं. एवढं तासाभरात झालं. मग सुरू झाले शुभेच्छुक.

फ्लेक्सवर ज्याचा वाढदिवस असतो तो नावापुरता असतो, बाळांनो. खरा फ्लेक्स असतो तो खाली शुभेच्छा देणाऱ्यांचा. लांडग्याचा निरोप आला, माझा फोटो रानडुकराच्या शेजारी नको. रानडुकराचा निरोप आला, माझा लांडग्याच्या वर हवा. तरसेभाऊंना स्वतःच्या फोटोला गॉगल हवा होता, आणि फोटो लांडग्याच्या फोटोपेक्षा बोटभर मोठा. बोट कुणाचं, यावर अर्धा तास गेला. सात वेळा मापं घेतली. साळबाच्या डोळ्यांना पाणी आलं.

शेवटी त्याने प्रूफ पुढे केलं. “भाऊ, वरचा मजकूर एकदा नजरेखालून घाला.”

तरसेभाऊंची नजर खालच्या खालीच फिरली. “झकास! गॉगल काय बसलाय!” म्हणाले, आणि पंजा उमटवून मोकळे झाले.

साळबाने स्वतःही वाचलं. जे बदललं होतं ते दोनदा वाचलं. जे बदललं नव्हतं ते वाचायचं राहिलं.

सकाळी चौकात ही गर्दी! सगळे माना वर करून उभे. घडाघडा वाचता येणारा एकटा पोपट. त्याने घसा खाकरून खणखणीत वाचलं, “कै. वनराज आयाळराव महाराज यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!”

वर केलेल्या माना झटकन खाली आल्या. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. गेलेला. एवढं वाचता न येणाऱ्यांनाही कळत होतं.

“अरे देवा! कधी?” हत्ती मटकन खाली बसला.

“काल तर मी त्यांना टेकडीवर पाहिलं,” माकड म्हणालं.

“जायच्या आदल्या दिवशी सगळेच दिसतात,” घुबड म्हणालं.

“पण मग वाढदिवसाच्या शुभेच्छा कशा?”

“वाढदिवसालाच गेले रे बिचारे! छापलंय म्हणजे खरंच असणार.”

इकडे छापखान्यात अनसूयाबाई चौकातून पळत आली. “अहो काटेकोर! ‘कै.’ काढायचं राहिलं की हो!”

साळबाच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. बावीस वर्षं! बावीस वर्षांत एक वेलांटी चुकली नाही, आणि चुकलं ते थेट राजालाच मारून बसलो! तो शिडी घेऊन धावत सुटला. महाराज मिरवणुकीने यायच्या आत फ्लेक्स खाली आला तर ठीक, नाहीतर उद्या आपले काटे सापडायचे, बाकी काही नाही.

चौकाच्या अलीकडे करवंदीची जाळी होती. साळबा तिथवर पोचला आणि त्याच्या शिडीवर एक जड पंजा पडला. जाळीआड खुद्द महाराज उभे होते. मिरवणूक मागेच थांबवून, नव्या फेट्यात.

“हलू नकोस,” महाराज हळूच म्हणाले. “ऐकू दे.”

साळबाने डोळे मिटले. मनात अनसूयाबाईचा निरोप घेतला. चौकातून आवाज येत होते.

“तापट होते, पण मनाचे निर्मळ,” रानडुक्कर सांगत होतं.

“ओरडायचे खरे, पण त्या ओरडण्यात माया होती हो,” हत्ती सोंडेने डोळे पुसत होता.

मग हरणाबाई पुढे झाली. छापखान्याच्या शेजारीच राहायची ती. एक पाडस तिच्या पायाशी होतं. ती म्हणाली, “माझी दोन पाडसं खाल्ली त्यांनी. पण गेलेल्याला नावं ठेवू नयेत. काय नीटनेटकं खायचे! कधी उष्टं टाकलं नाही.”

जाळीआड कुणीतरी नाक ओढलं. साळबाने एक डोळा उघडून पाहिलं. महाराज रडत होते.

“काटेकर, हे माझ्याबद्दल बोलताहेत?”

“होय महाराज. चूक झाली महाराज. जुन्या फ्लेक्सवरचं ‘कै.’ राहून गेलं. आत्ता वर चढतो आणि खोडतो.”

“खबरदार, हात लावशील तर!” महाराज म्हणाले. “सारा जन्म गेला, एक चांगला शब्द कानावर पडला नाही. तो तुझ्या एका अक्षराने पाडला. राहू दे ते तिथंच.”

आणि महाराज जाळीतून बाहेर आले. गर्दी घाबरून मागे सरली.

“महाराज! तुम्ही तर कै. आहात!” पोपट किंचाळला.

“आहोतच,” महाराज म्हणाले. “आजपासून ही आमची पदवी आहे. आणि कै. माणसाबद्दल वाईट बोलायचं नसतं, हे लक्षात असू द्या.”

तरसेभाऊंनी लगेच पुढे होऊन हात जोडले. “मजकूर मी स्वतः वाचून मंजूर केला, महाराज. ही ही ही.”

साळबा घरी आला आणि घटाघटा तांब्याभर पाणी प्यायला. जीव वाचला होता. दुसऱ्या दिवशी बघतो तर दारात ही रांग! लांडग्याला लेटरहेडवर ‘कै.’ हवं होतं, अर्जंट. रानडुकराला घराच्या पाटीवर ‘कै.’ हवं होतं, लांडग्याच्या आधी. मोराने कार्डात बाराव्या घडीची जागा करून घेतली. तरसेभाऊ कानाशी येऊन म्हणाले, “मलाही लाव. महाराजांपेक्षा जरा लहान टाइपात. पण आजच.” प्रूफ कुणी वाचलं नाही. वाचण्यासारखं अक्षर तर एकच होतं.

“बघा,” अनसूयाबाई म्हणाली, “सगळं जंगल मेलं आणि आपला धंदा जिवंत झाला.”

पुढे पुढे तर कुणीही उठून ‘कै.’ लावायला लागलं. तेव्हा कचेरीने परिपत्रक काढलं, तेही अर्जंट, तेही साळबाकडूनच. ‘कै. ही पदवी फक्त हयात मान्यवरांसाठी आहे. मेलेल्यांनी ती वापरू नये.’

महाराज आता खुशीत असायचे. पाठीमागे कुणी ब्र काढत नव्हतं. त्यांची भूक वाढली.

एके दिवशी रांग ओसरल्यावर हरणाबाई आली. एकटीच. पायाशी पाडस नव्हतं.

“चार ओळी छापायच्यात, भावजी,” ती म्हणाली. “माझं तिसरं. परवा महाराजांनी...”

अनसूयाबाईने तिला बसायला दिलं. साळबाने आपोआप विचारलं, “कधीपर्यंत हवंय?”

“घाई नाही. आता कसली घाई?” मग ती म्हणाली, “नावाआधी ते लावा. गेलेल्याला लावतात ते.”

साळबाने ‘कै.’कडे हात नेला आणि त्याला परिपत्रक आठवलं. आपण छापलेलं. त्याने हात मागे घेतला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. शिडी घेऊन धावलो होतो त्या दिवशी वर चढलो असतो, तर हे अक्षर आज हिच्यासाठी शिल्लक असतं. मग त्याने दुसरंच अक्षर लावलं, चार ओळी जुळवल्या आणि प्रूफ तिच्यापुढे ठेवलं.

हरणाबाईने ते वाचलं. एका एका अक्षराखाली खूर ठेवत, अडखळत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग पुन्हा पहिल्या अक्षरापाशी आली.

“हे ‘चि.’ म्हणजे काय, भावजी?”

“चिरंजीव,” साळबा म्हणाला. “म्हणजे पुष्कळ जगो.”

हरणाबाईने मान हलवली. “बरोबर आहे,” म्हणाली, आणि सही केली.

बावीस वर्षांत अख्खं प्रूफ वाचून सही करणारं ते पहिलं गिऱ्हाईक.

तात्पर्य : बाळांनो, प्रूफ कधी वाचू नये. वाचलं की चूक सापडते, सापडली की सुधारावी लागते, आणि मग राजाला उगाच जिवंत राहावं लागतं. ज्यांचं घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही, त्यांनी खुशाल वाचावं.