नाण्याला मागचं आठवत नाही

सार्वजनिक जलतरण तलावाच्या कार्यालयात एका घटनेचा दुसरीशी संबंध जोडण्यास नुकतीच मनाई झाली होती. साहेब संभाव्यतेचं प्रशिक्षण घेऊन आले होते. लागोपाठ कितीही वेळा छापा पडला तरी नाण्याला मागचं आठवत नाही, हे त्यांना तिथे समजलं. नाण्याला आठवत नाही तर कार्यालयानं का आठवावं, असा फतवा त्यांच्या सहीनिशी भिंतीवर लागला.

वडील वारल्यावर एका सभासदाची मुलगी कार्यालयाच्या खिडकीशी आली, ती त्यांच्या चष्म्यासाठी. तो तलावावरच्या कप्प्यात राहिला होता. घरात त्यांचं बाकी सगळं होतं, चष्मा तेवढा नव्हता.

"सभासद स्वतः का आले नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"ते वारले."

"अरेरे! पण ती वेगळी घटना, ताई. न येण्याचं कारण सांगा."

"आटपा हो!" रांगेतला मागचा गृहस्थ करवादला. "आमचा काय संबंध?"

"बघा, यांना बरोब्बर कळलंय," साहेब खुलले.

तेवढ्यात कारकुनानं आनंदाची बातमी दिली. कप्पे वाटण्याच्या कालच्या सोडतीत तोच कप्पा पुन्हा तिच्या बाबांनाच लागला होता. काढलेली चिठ्ठी डब्यात परत टाकायची पद्धत होती. त्यामुळे प्रत्येक सोडत स्वतंत्र राही.

"आणि परत नाही टाकली तर?" तिनं विचारलं.

"भलतंच काय! एक चिठ्ठी गेली म्हणून उरलेल्या सगळ्यांचं गणित बदलायचं?"

"बदलतं," ती म्हणाली.

साहेब जरा नरमले.

"बरं, तुम्ही त्यांची मुलगी असल्याचा पुरावा आणा, चावी देतो."

"म्हणजे चावी मिळणं माझ्या मुलगी असण्यावर अवलंबून आहे?"

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. कारकुनानं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. चावी निमूटपणे खिडकीबाहेर आली.

कप्प्यातून निघालेल्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. दुकानदाराला कशाला त्रास, म्हणायचे बाबा. तिला हसू फुटलं.

इकडे साहेबांनी धाडकन खिडकी लावली.

"अहो, माझं काय?" तो गृहस्थ ओरडला.

"खिडकी बंद आहे आणि तुम्ही उभे आहात," आतून आवाज आला. "दोन स्वतंत्र घटना!"

रांग खो खो हसली. तुम्हीही हसलात ना? मग सरका पुढे. त्याच्यामागे तुमचाच नंबर आहे.