संतरामनं सासुरवाडीला फोनो नेला

बायको कशी आणायची असते, हे संतराम अख्ख्या गोरेगावला दाखवून देणार होता!

"लोक काय करतात?" बाजाराच्या दिवशी लतीफच्या चहाच्या दुकानात उभा राहून तो सांगत होता. "धुवट धोतर नेसतात, सासुरवाडीला जातात, दोन दिवस पुरण हाणतात आन् बायकोला सरकीच्या पोत्यावानी गाडीत टाकून घेऊन येतात. आपलं तसं न्हाई! आपुन गानं घेऊन जानार!"

लतीफच्या हातातली चहाची गाळणी हवेतच थांबली.

"तू गानार? या अल्ला! अरे, तुझा सासरा पोरगी तर सोडच, तुझे बैल बी परत धाडनार न्हाई!"

"मी न्हाई रे गात. तुझा फोनो गाईल."

आता गाळणीच काय, लतीफचा श्वासही थांबला. फोनो म्हणजे ग्रामोफोन, त्याच्या दुकानाचा जीव! पितळी भोंगा, शिसवी पेटी, बाजूला चावी. लोक चहा एक घेत आणि गाणी चार ऐकत. नजर लागू नये म्हणून लतीफनं भोंग्याला काळा दोरासुद्धा बांधला होता.

"फोनो मागू नको. दुसरं काय बी माग. दुकान माग!"

"दोनच दिवस," संतराम म्हणाला. आणि मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "लतीफ, दिवाळीपासून गेलीय रे ती."

लतीफची बायको गौसियाही तेव्हा माहेरीच होती. त्यानं फडकं घेतलं आणि फोनो पुसायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, बायको माहेरी गेली तर गड्यानं जावं, दोन शब्द गोड बोलावेत, घेऊन यावं. फोनो काहून? अहो, पण बोलायचं कुठं? संतरामच्या घरात आई, बाप, दोन भाऊ, एक चुलती आणि पाहुण्यांची ये-जा. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि एवढ्या काळात नवराबायकोचं बोलणं काय झालं? "पानी दे." "कंदील कुठं हाय?" एकदा फार धीर करून त्यानं विचारलं, "डोकं दुखतं का?" तर पलीकडच्या खोलीतून चुलती अशी खोकली की त्याचंच डोकं दुखायला लागलं!

अशात तो चुलत्याबरोबर कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला गेला आणि तिथं त्यानं बोलपट बघितला. तिथून बिघडलं समदं!

काय बघितलं? तर भर दुपारी, भल्या मोठ्या बागेत, एक नवरा आपल्या बायकोसमोर उभा राहून गाणं म्हणतोय! तुझ्याबिगर घर खायला उठतं, म्हणतोय! आणि त्या आख्ख्या बागेत खोकणारं एक माणूस नाही! सासू नाही, दीर नाही, म्हैससुद्धा आडवी येत नाही! संतरामनं दुसऱ्या दिवशीचं जेवण बुडवलं आणि तोच बोलपट पुन्हा बघितला. बाहेर आला तर रस्त्यावर विजेचे दिवे लागलेले, हॉटेलातून रेडिओ वाजून राहिलेला, टांगे पळून राहिलेले. त्या झगमगाटात तो येड्यासारखा उभा होता. गाणं अकोल्याचं होतं, पण त्याला दिसत होती ती आशाबाई, कनेरगाव नाक्याच्या माणिकरावांची लेक.

गोरेगावला परतला तर संध्याकाळ त्याला सोसेना. गाडीच्या जुवावर बसायचा आणि कनेरगावच्या वाटेकडं बघायचा. दिवाळीला ती निघाली तेव्हा दारात गाडी जुंपलेली होती. ती हळूच विचारून गेली होती, "न्यायला कवा याल?" त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात आई शिदोरी घेऊन बाहेर आली. आणि हा पठ्ठ्या म्हणाला, "बघू."

बघू! बायको डोळे भरून विचारते आणि नवरा म्हणतो बघू! तो शब्द त्याच्या घशात कुसळासारखा अडकून बसला होता. आणि बोलपटातल्या त्याच गाण्याची तबकडी लतीफकडं होती. ओसरीवर फोनो लावायचा, आत चुलीपाशी तिनं ऐकायचं. आपण तोंड उघडायची गरजच नाही! असा बिनतोड बेत होता.

कनेरगावला जावयाचं स्वागत झकास झालं. पाय धुवायला पाणी, बसायला गादी, मागं लोड. सासरे माणिकराव पटका बांधून शेजारी बसले. आतल्या दाराआडून बांगड्यांचा आवाज आला. संतराम लोड सोडून ताठ बसला.

फोनो गाडीतून उतरवला आणि ओसरी भरली. सगळ्यांत पुढं बसले भजनी उकंडराव आणि दुकानदार पुनमचंदशेठ. एक टाळाचा जाणकार, दुसरा मालाचा.

सासूबाई रुख्मिणीबाई भोंग्यात डोकावल्या. "ह्ये काय आनलं हो, जावईबापू? जवारी वतायचं नाळकं का काय?"

"फोनो हाय, मामी. गानं म्हन्तो."

"कोनाचा?"

लतीफचं नाव जिभेवर आलं होतं. पण पुनमचंदशेठ भोंग्यावर बोट वाजवून बघत होते आणि भुवया उंचावत होते. एवढ्या मोठ्या भुवया संतरामसाठी आजवर कुणी उंचावल्या नव्हत्या!

"आपलाच!" तो म्हणाला.

"अग्गो बाई! आन् आनला कोनासाठी?"

ज्याच्यासाठी आणला ते माणूस दाराआड उभं होतं. पण सासू-सासऱ्यांसमोर तिचं नाव घ्यायचं? "तुमच्या समद्यांसाठी," तो कसाबसा म्हणाला.

झालं! इथंच गाडी घसरली, पण त्याला पत्ता नव्हता.

रुख्मिणीबाई आत गेल्या आणि तबक घेऊन बाहेर आल्या. हळद, कुंकू, अक्षता, नारळ. घरात नवी वस्तू आली, ती पुजल्याबिगर वापरायची कशी? पेटीला कुंकू लागलं. भोंग्याला लागलं. मग त्यांची नजर तबकडीवर गेली.

"मामी, तिला नका! त्या काळ्या तबकडीला नका!"

"काहून? गाते तर तीच म्हनं! मंग मान बी तिलाच!"

ओल्या हळदीची पाच बोटं तबकडीवर उमटली. वर कुंकू, वर अक्षता. माणिकरावांनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी चौफेर शिंपडलं. लतीफ तिथं असता तर तिथंच आडवा झाला असता!

संतराम धोतराच्या सोग्यानं तबकडी पुसायला लागला. जितकी पुसली तितकी हळद रेघांत बसली. तोवर माणिकरावांनी चावीला हात घातला.

"पहिली चावी मी देनार! घरचा कर्ता मी!"

कडब्याची गाडी आवळावी तशी ते चावी आवळायला लागले.

"बास, मामा!"

"येवढ्यात? अजून लई ढिली हाय!"

"मामा, बास!"

आतून 'खटाक्' असा आवाज झाला आणि चावी माणिकरावांच्या हातात गरागरा मोकळी फिरली. आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटली होती. तबकडी ढिम्म!

"गानं कुठाय?" पुनमचंदशेठ म्हणाले.

"थांबा!" उकंडराव पुढं सरकले. "फिरायचंच हाय ना तिला? मंग कोनी का फिरवंना!" आणि त्यांनी तबकडीवर बोट ठेवून ती गोल फिरवायला सुरुवात केली.

अकोल्याच्या बोलपटातला तो देखणा गडी आधी रेड्यासारखा हंबरला. उकंडरावांना ताल सापडला तसा ते जोरात फिरवायला लागले, मग तोच गडी खारीसारखा चिरकला. मध्येच सुईखाली अक्षता आली की उडी मारून दुसऱ्याच ओळीत! एक शब्द कळेल तर शपथ! संतराम दाराकडं बघत होता. बांगड्यांचा आवाजही बंद झाला होता.

आणि ओसरी? ओसरी खूश! "वा! वा! बराबर भैरवी लावलीय!" कोणीतरी मान डोलावली. फोनो असाच गातो, असंच सगळ्यांना वाटलं.

गाणं संपलं. माणिकरावांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

"जावईबापू, येवढा मोठा आहेर आमाला आजवर कोनी केला न्हाई."

"आहेर?"

"तुमी सोताच बोलले ना, समद्यांसाठी आनला म्हनून! हिनं तर कुकू बी लावलं. आता तो परत नेनं बराबर न्हाई." माणिकराव ताठ बसले. "पन आमी बी रीतीची मानसं हावोत. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पानी बी आमी पीत न्हाई. मंग येवढी वस्तू फुकट घेऊ व्हय? ह्याच्या तोडीचा उलटा आहेर केल्याबिगर पोरगी धाडली, तर लोक तोंडात शेन घालतील! तुमच्या आईला लुगडं, तुमाला पटका, आन् एक दुभती म्हैस!"

"एका म्हशीनं भागत नाही, माणिकराव," पुनमचंदशेठ म्हणाले. "भोंगा पितळी आहे."

"मंग दोन म्हशी! तूर निघाली की समदं घेतो. तवर राहू द्या पोरीला हितंच. तुमी काय, सकाळी निवांत जा!"

संतरामनं अंगणापलीकडच्या शेताकडं पाहिलं. तूर अजून फुलावर होती! पिवळी जर्द फुलं वाऱ्यावर डुलून राहिली होती. त्यांच्या शेंगा कधी होणार, त्या वाळणार कधी, झोडपणार कधी? आणि दाराआड काहीतरी घणकन् खाली पडलं. पातेलं असावं. पण संतरामला त्यात 'न्यायला कवा याल?' असंच ऐकू आलं.

खरं सांगावं तर कनेरगावापासून गोरेगावापर्यंत नाव पडणार, उसन्या फोनोचा जावई! पोरांच्या पोरांना हसतील. न सांगावं तर ती शिमग्यापर्यंत इथंच. त्यानं एकदा भोंग्याकडं बघितलं. एकदा दाराकडं.

"मामा, फोनो आपला न्हाई."

"व्हय, आता आमचाच झाला की!"

"तसं न्हाई, मामा. माझाच न्हाई! लतीफचा हाय. गोरेगावचा, चहावाला. दोन दिवसांसाठी मागून आनला."

पहिल्यांदा रुख्मिणीबाईंना कंठ फुटला.

"म्हंजे मी परक्याच्या पेटीला ववाळलं?"

"व्हय, मामी."

"अरे, मंग आनला काहून?" माणिकराव गरजले.

आता मात्र संतराम खाली बघत बसला. याचं उत्तर त्याला पाठ होतं आणि तेच देता येत नव्हतं. शेवटी उकंडरावच बोलले. त्यांचं हळदीनं पिवळं झालेलं बोट अजून तबकडीवरच होतं.

"माणिकराव, ह्ये काय इचारनं झालं? गडी बायको न्यायला आलाय! हातात कायतरी पायजे, म्हनून आनला!"

ओसरी अशी हसली की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. पुनमचंदशेठ तर लोडावरून घसरले. हसू दाबता दाबता माणिकरावांचा पटका सुटला. मग त्यांनी आत हाक मारली, "पोरी, गठुडं बांध गं! सकाळी निघायचं!"

सकाळी गाडी निघाली. रुख्मिणीबाईंनी लतीफसाठी अर्धा नारळ दिला, "त्येच्या पेटीचा परसाद हाय, त्येला द्या," म्हणून. पण पोरगी एकटी कशी धाडायची? सोबत पाठराखीण नको? म्हणून माणिकरावांची बहीण रुक्माबाई गाडीत चढल्या. त्या बराबर मधोमध बसल्या. पुढं कासरा धरून संतराम, मागं फोनो मांडीवर घेऊन आशाबाई. रुक्माबाईंच्या कानांची पंचक्रोशीत कीर्ती होती. कानाशी डफडं वाजवलं तरी त्या म्हणायच्या, जरा मोठ्यानं!

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती. संतराम बैलांच्या शेपट्या बघून राहिला होता. बाग नाही, गाणं नाही, फोनो मोडला, अब्रू गेली. बायको हातभर अंतरावर आणि मधे आत्याबाई! दिवाळीपासून त्यानं एवढी वाट बघितली, ती काय यासाठी?

"जावईबापू," रुक्माबाई म्हणाल्या, "काल मला कायबी कळलं न्हाई. काय म्हनत व्हता तो पेटीतला मानूस?"

"तो म्हन्तो, करमत न्हाई."

"आं? मोठ्यानं!"

"करमत न्हाई म्हन्तो!"

"काहून? बायको मेली का त्याची?"

"न्हाई हो! माहेरी गेली!"

"मंग जाऊन आनायची! गात काहून बसला येडा?"

"आनायला गेला, आत्याबाई! पन बोलता येत न्हाई त्याला! जिथं बघावं तिथं मानसं बसल्याली!" वेचणीच्या बायांनी पाठी सरळ केल्या. संतरामला थांबायला हवं होतं, पण कुसळ घशातून निघायला लागलं होतं. "सांजच्याला घरी आला की चुलीपाशी बघतो! तिथं ती नसते! भाकर गिळत न्हाई! वाटंकडं बघून बघून डोळे दुखतात!"

"आं? कोनाचे?"

"त्याचे!"

"त्याचे म्हंजे कोनाचे?"

"माझे!" संतराम ओरडला. "माझे, आत्याबाई! मला करमत न्हाई तिच्याबिगर!"

शेतात हशा पिकला. एक बाई ओटी सावरत ओरडली, "आरं, मागंच बसलीय ना ती? मंग वरडतो काहून?"

बैल आपसूक थांबले होते. कासरा कधी हातातून सुटला, कोण जाणे. आणि मागून, पदराआडून, दोन दिवसांत पहिल्यांदा आशाबाईचा आवाज आला.

"आत्याला नीट आयकू आलं नसंल. आनखी एकदा सांगा."

संतरामनं छाती भरून घेतली. पण रुक्माबाईंनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि म्हणाल्या,

"हाका आता गाडी! मला पहिल्याच खेपेला आयकू आलं व्हतं."