सतरावा फॉन्ट

"कोणत्या गाढवानं बनवला बे हा फॉन्ट!" अश्विन एवढ्या जोरात ओरडला, की स्वयंपाकघरात त्याच्या आईच्या, म्हणजे मनकर्णाबाईंच्या, हातातली पळी कढईत पडली.

नागपूरजवळच्या बेसातल्या त्या फ्लॅटमध्ये सकाळपासून हेच चाललं होतं. बेचाळीस वर्षांचा अश्विन एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करायचा. आज दुपारी चारला त्याला क्लायंटसमोर आपला प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. तो नीट चालला तर नवी टीम अश्विनच्या हाती, नाही तर हर्षितच्या. हर्षित तेवीस वर्षांचा होता आणि 'सर' म्हणता म्हणता कधी 'काका' म्हणेल याचा नेम नव्हता. आणि नेमकी आजच कोड लिहायच्या एडिटरमधली अक्षरं वळवळत होती. टिंब कुठलं आणि स्वल्पविराम कुठला, काही कळेना.

दोष अर्थातच फॉन्टचा. त्याने तो उडवला आणि दुसरा आणला. दुसऱ्याची अक्षरं किडकिडीत निघाली, तिसऱ्याची गुबगुबीत, चौथ्याची दाटीवाटीने बसलेली. फॉन्ट शोधायचा, उतरवून घ्यायचा, सेटिंगमध्ये त्याचं नाव घालायचं, एडिटर बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि नव्याने शिव्या द्यायच्या. अकरा वाजेपर्यंत सोळा फॉन्ट झाले. सतरावा एका मित्राने 'डोळ्यांना लोणी' म्हणून सुचवला होता. अश्विनने तो लावून पाहिला आणि त्या मित्राला फोन करून झापलं.

आवाज ऐकून अश्विनचे वडील, नानाजी, पेपर घेऊन दारात आले. त्यांनी कळमन्याच्या बाजारात चाळीस वर्षं संत्री पारखली होती. घरात चष्मा एकच. सकाळी पेपरसाठी तो नानाजींच्या नाकावर असे, दुपारी तांदूळ निवडायला मनकर्णाबाईंच्या.

"काय होऊन राहिलं गा बाबू?"

"अक्षरं दिसून नाई राहिले बाबा. एक फॉन्ट धड नाई!"

नानाजींनी वाकून पाहिलं. "मले तं चांगले दिसून राहिले. तुहे डोळे दाखव एकदा."

"माह्या डोळ्याले काई नाई झालं!" अश्विन उसळला. "डोळे तुमचे दाखवाचे हायेत. डॉक्टरची आज सहाची वेळ घेतली हाय. चार वेळा घेतली अन् चारही वेळा तुमी पलटले. माणसानं आपलं वय कबूल करावं ना थोडंसं!"

"जा, नाई येत मी!" नानाजींनी चष्मा काढून टेबलावर आपटला आणि ते तरातरा निघून गेले.

मग अश्विनने अक्षरांचा आकार बारावरून चोवीसवर नेला. अक्षरं दिसू लागली, पण पडद्यावर आठच ओळी मावू लागल्या. वरचं वाचून खाली यावं, तर वरचं डोक्यातून गेलेलं. अशातच त्याने कोडचा एक तुकडा कापला आणि भलत्याच जागी चिकटवला. प्रोग्राम चालवला, तर पडदाभर चुकांच्या लाल ओळी. तेव्हा तीन वाजले होते.

त्याने हर्षितला फोन लावला. "काल काय घोळ करून ठेवला बे तू?"

"मी तर हातही नाही लावला सर."

"तू फॉन्ट कोणता वापरतो?"

"जो आधीपासून असते तोच. काहून सर, बदलता येते का?"

अश्विनने फोन टेबलावर आदळला, तो नेमका चष्म्याशेजारी. चष्म्याकडे त्याने मिनिटभर रागाने पाहिलं. मग दाराला कडी घातली आणि चोरासारखा तो नाकावर चढवला.

टिंब न् टिंब लख्ख दिसलं. हरवलेला तुकडा पाच मिनिटांत सापडला. खात्री करायला त्याने सकाळी शिव्या घालून हाकललेला पहिला फॉन्ट परत लावला, आकार बाराच ठेवून. तोही लख्ख! त्यामुळे अश्विनचा राग आणखीच वाढला, कारण आता तो काढायला कोणी उरलं नव्हतं.

चार वाजता कॅमेरा सुरू करणं भाग होतं आणि चष्मा उतरवला तर काही दिसत नव्हतं. त्यामुळे क्लायंटने, हर्षितने आणि साहेब असलेल्या चारुशीला मॅडमनी तो चष्मा पाहिला, आणि मनकर्णाबाईंनी त्याला बांधलेली गुलाबी लोकरीची दोरीसुद्धा. प्रोग्राम मात्र लोण्यासारखा चालला. तो संपतो न संपतो तोच दारावर थापा पडल्या.

"बाबू, चष्मा तुह्यापाशी हाय का गा? माहे तांदूळ तसेच पडून हायेत ना!"

"अश्विन, नवी टीम तुमची," मॅडम हसू दाबत म्हणाल्या. "पण आधी आईंचा चष्मा देऊन टाका."

साडेपाचला अश्विन खाली मान घालून बाहेर आला. नानाजी इस्त्रीचा सदरा घालून, पायांत चपला चढवून सोफ्यावर बसले होते.

"चाल," ते म्हणाले.

"तुमी तं येत नाई म्हणले होते."

"माह्यासाठी नाई येऊन राहिलो. तुह्यासाठी येऊन राहिलो." नानाजी उठले. "तुले एकट्याले सोडलं, तं त्या डॉक्टरले भिंतीवरच्या तक्त्याचा फॉन्ट बदलाले लावशील."